अगाथा ख्रिस्तीचं ‘क्रुकेड हाऊस’ : घरातले मृत्यू आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव

पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला एक छोटीशी गोष्ट आहे आणि मी तिथेच अडकले. दुसरं महायुद्ध संपलंय, चार्ल्स हेवर्ड नावाचा तरुण परदेशातलं काम आटपून इंग्लंडला परत आलाय, जिच्याशी लग्न करायचं मनात पक्कं आहे त्या सोफियाला भेटायची घाई झालीये, आणि पेपर चाळताना त्याला एकाच माणसाच्या निधनाच्या दोन सूचना दिसतात, एकाखाली एक. पहिलीत लिहिलंय अरिस्टाईड लिओनिडिस वारले, ब्रेंडा लिओनिडिसचे प्रिय पती. दुसरीत नाव तेच, घराचा पत्ता तोच, पण शोक करणारे कोण, तर मुलं आणि नातवंडं. बायकोचं नावच नाही. चार्ल्सला वाटतं कोणाच्या तरी कामात गडबड झाली असेल, आणि तो पुढे जातो. मी मात्र पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

कारण आमच्या घरात हे झालेलं आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना नानाआजोबा म्हणायचो, त्यांनी पहिली बायको गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, साठी उलटल्यावर दुसरं लग्न केलं. नवी आजी त्यांच्यापेक्षा खूपच लहान, आमच्या मोठ्या काकूपेक्षाही लहान होती. नाना गेले तेव्हा मी चौथीत होते. रात्री झोपेतच गेले, हार्ट अटॅक, डॉक्टरांनी बघितलं, कागद दिला, त्यात काहीच वावगं नव्हतं. पण तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात परातीत कणीक भिजवता भिजवता आत्या हळू आवाजात म्हणाली, रात्रीचं दूध कोण द्यायचं त्यांना? बस एवढंच. पुढे कोणी काही बोललं नाही आणि बोलायची गरजही उरली नाही. पेपरात श्रद्धांजली आली होती त्यात शोकाकुल म्हणून काका, आत्या, सुना, जावई, नातवंडं सगळ्यांची नावं, माझंही होतं, आणि पेपरात आपलं नाव छापून आलं म्हणून मी ते कात्रण कितीतरी दिवस दप्तरात घेऊन फिरले. त्यात नव्या आजीचं नाव नव्हतं हे माझ्या लक्षात यायला कॉलेज उजाडलं.

हे आधी सांगितलं कारण या पुस्तकाचा रिव्ह्यू मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, आणि तसा लिहायचाही नाहीये. रहस्यकथा म्हणून ते उत्तमच आहे, पण मला ते आवडलं ते दुसऱ्याच कारणाने. एखाद्या घरात मृत्यू झाला आणि तो संशयास्पद निघाला की त्या घरातली माणसं काय करतात, कोणाकडे बघतात, कोणाला वाचवतात आणि कोणाला मनातल्या मनात फासावर चढवून मोकळी होतात, याचं इतकं बारीक चित्रण मी दुसऱ्या कुठल्या थ्रिलरमध्ये वाचलेलं नाही.

आधी थोडी माहिती. पुस्तक 1949 चं आहे. यात ख्रिस्तीबाईंचे नेहमीचे डिटेक्टिव्ह, पॉयरो आणि मिस मार्पल, दोघंही नाहीत, त्यामुळे अगाथा ख्रिस्ती म्हटलं की ज्यांना तो मिशीवाला बेल्जियन डिटेक्टिव्ह हवाच असतो त्यांचा जरा हिरमोड होईल, पण थांबा. इथे तपास करणारा पोलीस आहे, चीफ इन्स्पेक्टर टॅव्हर्नर, पण खरी गोष्ट आपल्याला चार्ल्स सांगतो आणि चार्ल्सची अडचण अशी आहे की त्याचा बाप स्कॉटलंड यार्डमध्ये असिस्टंट कमिशनर आहे आणि प्रेयसी त्याच संशयित घराची नात. म्हणजे तो धड पोलीस नाही, धड घरातला नाही, अजून जावईसुद्धा झालेला नाही. सोफिया त्याला स्पष्ट सांगते की हे सगळं नीट उलगडल्याशिवाय मी तुझ्याशी लग्न करणार नाही. रागाने किंवा नाटकीपणाने नाही सांगत, शांतपणे सांगते, आणि हे सांगणारी मुलगी मला पहिल्या प्रकरणातच आवडून गेली.

आता घर. घराचं नाव थ्री गेबल्स, लंडनच्या बाहेर स्विनली डीन नावाच्या काल्पनिक गावात. अरिस्टाईड मूळचा स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा ग्रीक, तरुणपणी इंग्लंडला आला, लंडनच्या सोहो भागात रेस्टॉरंट काढलं आणि एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं करत अफाट पैसा कमावला. मग त्याने एका खानदानी इंग्रज घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि हे घर बांधलं. चार्ल्स ते पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं की खेड्यातलं साधं कॉटेज कोणीतरी भिंगाखाली धरून प्रचंड मोठं केलंय, आणि नाव थ्री गेबल्स असलं तरी छपराची टोकं मोजली तर अकरा भरावीत. मला ते घर डोळ्यासमोर आलं ते आपल्याकडच्या वाड्यासारखं, जिथे प्रत्येक पिढीने एकेक खोली, एकेक जिना वाढवलाय आणि शेवटी मूळ घर कुठलं तेच कळेनासं झालंय.

या घरात तीन बिऱ्हाडं आहेत. एकाच छपराखाली, पण प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. थोरला रॉजर, धांदरट, प्रेमळ, मोठ्याने बोलणारा, हाताला लागेल ते पाडणारा, बापाचा जीव की प्राण. त्याची बायको क्लेमेन्सी शास्त्रज्ञ आहे, तिच्या खोल्या पांढऱ्या, जवळजवळ रिकाम्या, आणि तिला या माणसांच्या गोतावळ्यातून नवऱ्याला घेऊन कधी एकदा बाहेर पडते असं झालंय. धाकटा फिलिप, दिवसभर पुस्तकांच्या खोलीत बसून इतिहास लिहिणारा, थंड, कोणाशी बोलत नाही, आणि बापाचं थोरल्यावर जास्त प्रेम हे शल्य लहानपणापासून उरात घेऊन म्हातारा होत चाललेला. त्याची बायको मॅग्डा नटी आहे, ती घरातसुद्धा प्रसंगाप्रमाणे भूमिका बदलते, सासरा मेल्याचं दुःखसुद्धा एन्ट्री घेतल्यासारखं करते. त्यांची मुलं म्हणजे सोफिया, पायाने अधू झालेला आणि त्यामुळे कडवट झालेला युस्टेस, आणि सगळ्यात धाकटी जोसेफिन, जी वही घेऊन घरभर दारांमागे उभी राहून ऐकत फिरते. शिवाय एडिथ, म्हणजे अरिस्टाईडच्या पहिल्या बायकोची बहीण, मुलांची मावशी, बहीण गेल्यावर मुलांना सांभाळायला आली आणि राहिली ती राहिलीच. आणि वरच्या मजल्यावर म्हातारा आणि त्याची दुसरी बायको ब्रेंडा, त्याच्यापेक्षा पन्नासेक वर्षांनी लहान, लग्नाआधी हॉटेलात वेट्रेस असलेली.

नावं बरीच आहेत आणि पहिल्या पन्नास पानांत गोंधळ होतोच. मी सरळ वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली, कोण कोणाचं कोण, कोणाची खोली कुठे. तुम्ही पण काढा, पाच मिनिटं लागतात आणि पुढचं वाचणं एकदम सोपं होतं.

मृत्यू कसा झाला हे पुस्तक लगेचच सांगतं त्यामुळे मी सांगितलं तरी चालेल. म्हाताऱ्याला डायबिटीस होता, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन, ते ब्रेंडा द्यायची. त्याला डोळ्यात घालायचे थेंबही होते, त्यात इसरीन नावाचं औषध. कोणीतरी इन्सुलिनच्या बाटलीत इन्सुलिनऐवजी ते डोळ्यांचं औषध भरून ठेवलं आणि ब्रेंडाने नेहमीप्रमाणे इंजेक्शन दिलं. डॉक्टरला शंका आली आणि त्याने सर्टिफिकेट द्यायला नकार दिला म्हणून हे बाहेर आलं, नाहीतर वयस्कर माणूस, गेला, संपला विषय.

आमच्या आईला इन्सुलिन सुरू आहे. फ्रीजच्या दारात अंड्यांच्या कप्प्याशेजारी ती बोटभर बाटली असते, वर रबराचं बूच आणि त्यावर सुईची बारीक बारीक भोकं. दिवसातून दोनदा मी ती हातात घेते, तळहातावर हळू फिरवते, सुई आत घालते, आणि इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की आत काय आहे हे मी फक्त लेबलवर विश्वास ठेवून मानते. हे पुस्तक वाचल्यावर चार दिवस ती बाटली हातात घेताना माझा हात थबकायचा. भूतबंगला नाही, रक्ताचे सडे नाहीत, घरातली औषधांची पेटी पुरते. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम केलं होतं, त्यासाठी परीक्षा पास झाल्या होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धातही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्याच कामावर होत्या. त्यामुळे औषध कधी औषध असतं आणि कधी विष होतं हे त्यांना पुस्तकातून शोधावं लागत नव्हतं.

इसरीनबद्दल मी मुद्दाम वाचलं. काचबिंदूसाठी हे औषध वापरायचे, आणि ते पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीन नावाच्या बीमधून निघतं. आणि ती बी तिकडे कशासाठी वापरायचे माहितीये, आरोपीला खायला घालायचे. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडे वतनाच्या भांडणात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं दिव्य असायचं ना, रवादिव्य म्हणायचे त्याला, तसंच. पुस्तकात यातलं काही येत नाही, पण दोषी कोण हे ठरवायला वापरलेल्या बीचंच विष या घरात वापरलं जातं हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

आणि ज्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते म्हणजे विषाची माहिती घरात सगळ्यांना आहे. थेंबांच्या बाटलीवर पोटात घेऊ नये असं का लिहिलंय यावरून एकदा घरात बोलणं निघालं, आणि म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर हसत हसत समजावून सांगितलं की चुकून हे इंजेक्शनमधून गेलं तर काय होईल. आपल्याच मरणाची कृती त्याने घरच्यांना आपल्या तोंडाने दिली. त्यामुळे ज्याला माहीत होतं त्यानेच केलं असणार हा नेहमीचा डिटेक्टिव्ह फॉर्म्युला इथे पहिल्याच फटक्यात बाद. बाटलीपर्यंतही सगळेच पोचू शकत होते, कारण घरात कुठलंच दार बंद नसायचं.

मग पैसा. इथेही बाईंनी सोपी वाट ठेवलेली नाही. म्हाताऱ्याने हयातीतच मुलांच्या नावे भरपूर पैसा करून दिला होता, जिवंतपणीच वाटण्या, कोणाला कशाची वाट बघायची गरजच नको म्हणून. उरलेल्याचं मृत्युपत्र त्याने सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवलं, साक्षीदार बोलावले, सही केली. निदान सगळे छातीठोकपणे सांगतात की केली. आणि तो मेल्यावर पाकिटातून जो कागद निघतो त्यावर सहीच नाही. ज्यांनी घरातल्या इस्टेटीचे कागद कधी हाताळलेत त्यांना हा प्रसंग वाचताना पोटात गोळा येईल. आपल्याकडेही मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि सहीशिवाय तो नुसता कागद. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, पण या एका कोऱ्या जागेवरून घरातल्या प्रत्येकाचा चेहरा कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सोफिया चार्ल्सला सुरुवातीलाच एक वाक्य बोलते, त्याचा अर्थ असा की योग्य माणसाने आजोबांना मारलं असेल तर सगळं ठीक होईल. योग्य माणसाने! ती काही वाईट मुलगी नाही, आजोबांवर तिचा खरोखर जीव होता, आणि तरी तिच्या तोंडून हे बाहेर पडतं. योग्य माणूस म्हणजे कोण हे तिला सांगावं लागत नाही, आपल्यालाही विचारावं लागत नाही. ब्रेंडा. बाहेरून आलेली, गरिबीतून आलेली, म्हाताऱ्याशी पैशासाठी लग्न केलं असं सगळ्यांनी गृहीत धरलेली, आणि आता मुलांच्या शिकवणीसाठी घरातच राहणाऱ्या लॉरेन्स ब्राऊनशी तिचं काहीतरी आहे अशी कुजबुज. इंजेक्शनही तिच्याच हातचं. तिने केलं असेल तर घर वाचतं. रक्ताचं कोणी नाही म्हणून सगळे सुटतात, पुन्हा एका टेबलावर जेवायला बसू शकतात. आणि तिने केलं नसेल तर? मग ज्या भावाबरोबर वाढलो, ज्या मुलाला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांच्यापैकी कोणीतरी. हा विचार कोणालाच नको असतो, म्हणून पुरावा नसतानाही सगळं घर कोणी कोणाला काही न सांगता एका बाईकडे बोट दाखवायला लागतं.

ब्रेंडाने केलं की नाही हे मी सांगत नाहीये, आणि माझ्या लेखी तो मुद्दाही नाही. तिचा चार्ल्सशी बोलतानाचा प्रसंग वाचा. ती फार हुशार नाही, फार थोर नाही, थोडी रडवी, थोडी स्वतःला जपणारी, वाचकाने लगेच प्रेमात पडावं अशी अजिबात नाही, आणि मला वाटतं लेखिकेने हे मुद्दाम केलंय. निष्पाप, सोज्ज्वळ, सगळं सहन करणारी दाखवली असती तर आपण लगेच तिची बाजू घेतली असती. इथे आपल्याला स्वतःलाही वाटत राहतं की हिनेच केलं असावं, हिनेच केलं तर बरं. मला वाटलं. मी, जिच्या घरात हेच झालं, त्या मला पण दीडशे पानांपर्यंत तेच वाटत होतं, आणि ते लक्षात आल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. नव्या आजीने नाना गेल्यावर सहा महिन्यांत माहेरच्या गावी खोली घेतली. तिला कोणी जा म्हटलं नाही. कोणी राहा पण म्हटलं नाही.

मावशी एडिथचा एक छोटा प्रसंग आहे तो विसरता येत नाही. ती चार्ल्सला पहिल्यांदा भेटते तेव्हा बागेत असते, आणि एक वेलासारखं पसरणारं तण दिसतं ते बुटाच्या टाचेने रगडते आणि बोलता बोलता त्याच्याबद्दल सांगते, की याच्यासारखं वाईट काही नाही, दुसऱ्या झाडांना गुंडाळून गुदमरवतं आणि मुळं जमिनीखालून पळतात म्हणून पुरतं उपटताच येत नाही. शेतीत हरळीशी झगडलेल्या माणसाला हे बरोबर कळेल, वरून कितीही काढा, पावसाळा आला की दुसऱ्याच वाफ्यातून डोकं वर काढते. सोफियाही आपल्या घराबद्दल साधारण असंच काहीतरी सांगते, वाकडं घर म्हणजे बेइमान माणसांचं घर नव्हे, तर एकमेकांना इतकी वेढलेली माणसं की कोणी सरळ वाढूच शकलं नाही. पुस्तकाचं नावही तिथूनच, वाकड्या माणसाच्या वाकड्या घराचं जे इंग्रजी बालगीत आहे त्यातून. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की एकत्र कुटुंबाचा जिव्हाळा आणि एकत्र कुटुंबाचा गळफास हे एकाच वेलाचे दोन ताणे असू शकतात. म्हाताऱ्याने सगळ्यांना प्रेमानेच जवळ ठेवलं होतं, जबरदस्तीने नाही. कोणाला काही कमी पडू दिलं नाही. आणि त्यामुळेच थोरला कधी मोठा झाला नाही आणि धाकटा कधी मोकळा झाला नाही.

चार्ल्स आणि त्याच्या बापाचं एक संभाषण आहे, बाप आयुष्यभर खुनी बघितलेला माणूस, मुलगा विचारतो खुनी माणसं असतात तरी कशी, आणि तो सांगतो की बहुतेक वेळा अगदी साधी, चांगली वाटणारी. काय बघायचं, कशाकडे लक्ष द्यायचं हेही सांगतो. ते प्रकरण पहिल्यांदा वाचताना नुसती गप्पांची पानं वाटतात, पण पुस्तक संपल्यावर मी परत जाऊन वाचलं तर माझ्या हातातलं पुस्तकच थरथरलं. सगळं तिथे होतं. सांगितलेलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना तर पानोपानी हेच होतं, इतका प्रामाणिक खेळ फार कमी रहस्यकथा खेळतात.

आता जे खटकलं ते. चार्ल्स हा माणूस म्हणून फिका आहे, चांगला आहे, सभ्य आहे, पण त्याच्या आणि सोफियाच्या प्रेमात मला काही ओल जाणवली नाही, दोघं एकमेकांना पत्र लिहिल्यासारखं बोलतात. मधली चाळीसएक पानं एकेकाच्या खोलीत जाऊन मुलाखत घेतल्यासारखी होतात, तिथे वेग पडतो. पोलीस संशयित घराच्या होणाऱ्या जावयाला इतक्या सहज आत सोडतात हेही पटवून घ्यावं लागतं. आणि त्या काळातल्या इंग्रज समाजाचे काही पूर्वग्रह आहेत, म्हातारा ग्रीक म्हणून त्याच्या रक्तातच काहीतरी वाकडं असणार असा सूर, हॉटेलात काम केलेल्या बाईबद्दलचा सूर, ते वाचताना टोचतं. काही वेळा पात्रांचा पूर्वग्रह कुठे संपतो आणि लेखिकेचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. हे मी माफ केलेलं नाही, फक्त बाकी इतकं भक्कम आहे की त्यासाठी पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं नाही.

मृत्यू एकावर थांबत नाहीत एवढंच सांगते. दुसरा कोणाचा, कधी, कसा, ते तुमचं तुम्ही वाचा. तो येतो तेव्हा मला राग आला, भीती नाही, कारण तो ज्याच्या वाट्याला येतो त्या माणसाकडे घरातल्या कोणीच, आणि खरं सांगायचं तर मी सुद्धा, तोपर्यंत धड बघितलंच नव्हतं.

शेवट. हे पुस्तक ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या सगळ्यात आवडत्या पुस्तकांपैकी एक, असं त्यांनी प्रस्तावनेत लिहिलंय, कितीतरी वर्षं मनात घोळवत ठेवलेली कल्पना होती आणि लिहिताना निखळ आनंद मिळाला म्हणतात. प्रकाशकांना शेवट बदलून हवा होता, त्यांनी बदलला नाही. मी तो वाचला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी उठून आईच्या खोलीत जाऊन ती नीट झोपलीये ना बघून आले. बदलला असता तर हे एक बरं पुस्तक झालं असतं आणि माझ्या कपाटात आणखी वीस पुस्तकांबरोबर पडून राहिलं असतं. एक विनंती, शेवटची तीसएक पानं तुकड्यातुकड्यांत वाचू नका, लोकलमध्ये वाचू नका, एका बैठकीत वाचा. आणि इंटरनेटवर शोधायला जाऊ नका, पहिल्याच ओळीत कोणीतरी नाव सांगून टाकतं.

2017 साली यावर सिनेमा आला, जील पाके-ब्रेनेर दिग्दर्शक, ग्लेन क्लोज मावशी झालीये आणि ती खरोखर बघण्यासारखी आहे, तिची नुसती चाल बघा. घरही देखणं घेतलंय, प्रत्येक बिऱ्हाडाचा रंग वेगळा. पण चार्ल्सला खासगी डिटेक्टिव्ह करून टाकलाय, त्यामुळे अर्धा घरातला, अर्धा बाहेरचा हा जो त्याचा त्रास आहे तो पातळ होतो. आधी पुस्तक, मग सिनेमा. उलटं केलंत तर पुस्तकाची सगळी मजा गेली.

इंग्रजी अवघड नाही. ज्यांना इंग्रजी कादंबरी वाचायचा कंटाळा येतो किंवा धास्ती वाटते त्यांनाही जमेल, वाक्यं छोटी, संवाद भरपूर, डिक्शनरी मी चार-पाच वेळाच उघडली असेल. माझी कॉपी अप्पा बळवंत चौकातली, सेकंडहँड, आधीच्या वाचकाने पेन्सिलने काही ठिकाणी समासात प्रश्नचिन्हं काढलेली, आणि गंमत म्हणजे त्यातली जवळजवळ सगळी ब्रेंडाच्या पानांवर. नवी घेतलीत तरी महाग नाही. पण विकत घेणार असाल तर मागच्या कव्हरवरचा मजकूर न वाचता घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या मधल्या मुलाखतींचा कापला.

वाचून झाल्यावर मी ते आत्याला दिलं. आता ती पंच्याहत्तरीची आहे, शाळेत इंग्रजी शिकवायची, अजून रोज दुपारी चष्मा लावून काहीतरी वाचतेच. देताना मी काहीही बोलले नाही. परवा तिचा फोन आला, निम्म्यावर आलीये म्हणाली, छान आहे गं, पण यात रहस्य ते काय, त्या ब्रेंडानेच केलंय, दुसरं कोण करणार. मी म्हटलं, आत्या, तू पूर्ण वाच, मग बोलू. ती म्हणाली बरं. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, आणि मग तिने एकदम विचारलं, नव्या काकूचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?